चार महिने, तीन लाख आणि उष्ण कटिबंधातले पक्षी

चोपड्याहून एका तरुण पक्षीनिरीक्षकाने विचारले आहे की, जुनी नोकरी सोडून नवी धरण्याआधी त्याच्याकडे जानेवारी ते एप्रिल असे चार महिने आहेत, सगळे मिळून तीन लाख रुपये आहेत, आणि श्रीलंका, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम, मलेशिया व इंडोनेशिया अशा सहा देशांतील वीसएक जागांची यादी तयार आहे. सोबत एक मित्र येणार आहे, ज्याला पक्ष्यांचे फारसे वेड नाही. कोणत्या जागा ठेवाव्यात, १५०-६०० मिलिमीटरची, दूरचे टिपणारी कॅमेऱ्याची लेन्स न्यावी का, त्यापेक्षा दक्षिण अमेरिका बरी का, आणि जास्तीत जास्त प्रजाती कशा दिसतील, असे त्याचे प्रश्न आहेत. मी भुसावळकडचा आहे. हतनूरच्या जलाशयावर आणि सातपुड्यात बरीच वर्षे पक्षी पाहत आलो आहे, आणि आग्नेय आशियात पाठीवर पिशवी टाकून, स्वस्तातल्या खोल्यांत राहून पुष्कळ हिंडलो आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात जागांची यादी पुढे आली असली तरी खरी अडचण वेगळी आहे. स्वस्त भटकंतीची एक ठरलेली रीत असते: रात्रीच्या बसने प्रवास करून खोलीभाडे वाचवायचे, बसस्थानकाजवळच्या सामायिक खोलीत उतरायचे, उशिरा उठायचे, दोन-तीन दिवसांत गाव बदलायचे. पक्षीनिरीक्षणाला यातली एकही गोष्ट मानवत नाही. पक्षी पाहायचे तर उजाडण्याआधी जंगलाच्या तोंडाशी उभे असावे लागते, आणि त्यासाठी मुक्काम जंगलाला लागून असावा लागतो. रात्रभर बसमध्ये अवघडून पहाटे उतरलेला माणूस खोलीभाडे वाचवतो खरा, पण ज्या सकाळसाठी इतक्या दूर आलो तीच झोपेत घालवतो. म्हणून माझे मुख्य म्हणणे असे की, पैसा आणि पक्षी या दोन्ही बाजूंनी तुमचा फायदा एकाच गोष्टीत आहे: जागा कमी करा आणि प्रत्येक जागी सकाळी जास्त मिळवा. वीसऐवजी सात-आठ जागा पुरेत. कंबोडिया, व्हिएतनाम आणि इंडोनेशिया यंदा वगळावेत असे मी सुचवेन. ते देश कमी प्रतीचे आहेत म्हणून नव्हे, तर प्रत्येक नवा देश म्हणजे नवे तिकीट, नवे सिमकार्ड आणि वाट समजण्यात गेलेले पहिले दोन-तीन दिवस.

हिशेबही मांडून पाहा. विमानाची सगळी तिकिटे, विमा आणि किरकोळ परवाने यांसाठी पंचाहत्तर हजार बाजूला ठेवले, तर एकशेवीस दिवसांसाठी दिवसाला सुमारे १,८७५ रुपये उरतात. मित्रासोबत खोली वाटून घेतल्यास श्रीलंका, थायलंड आणि मलेशियाच्या मुख्य भूमीवर एवढ्यात भागते. बोर्निओ बेटावरच्या मलेशियात ओढाताण होते. खाणे आणि झोपणे यांनी खिसा फारसा रिकामा होत नाही. तो रिकामा होतो उद्यानांच्या परदेशी पाहुण्यांसाठीच्या तिकिटांनी, खाजगी वाहनांनी आणि सारख्या जागा बदलण्याने. तिकीट टाळता येत नाही, उरलेल्या दोन गोष्टी टाळता येतात.

आता क्रम, आणि तो पावसाकडे पाहून लावावा लागतो. आपल्याकडे एकच पावसाळा असल्यामुळे ‘उष्ण कटिबंधात कधी जावे’ याचे एकच उत्तर असेल असे वाटते, पण तसे नाही. (जळगाव स्वतः २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे उष्ण कटिबंधातच आहे, हे आपण मे महिन्यातसुद्धा विसरतो.) श्रीलंकेचा नैर्ऋत्य भाग, जिथे सिंहराजाचे वर्षावन आहे, तो जानेवारी ते मार्च त्यातल्या त्यात कोरडा असतो. थायलंडमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा काळ असतो. मात्र उत्तरेकडे, चियांग माईच्या परिसरात, फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून शेते आणि डोंगर जाळल्याचा धूर साचू लागतो आणि मार्चमध्ये तो फार वाढतो. मलेशियाच्या मुख्य भूमीच्या पूर्वेकडच्या भागात ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस नोव्हेंबरपासून जोर धरतो आणि मार्चपासून तिथली जंगले चालण्याजोगी होतात. म्हणून जानेवारीत श्रीलंका, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उत्तर थायलंड, तिथून मार्चच्या मध्यापर्यंत थायलंडचा मध्य आणि पश्चिम भाग, मग मलेशिया, आणि पैसे उरले तर एप्रिलच्या शेवटी बोर्निओतील सबाह, असा क्रम मी लावेन. या क्रमाचा आणखी एक फायदा असा की, थायलंडला असताना उत्तरेकडून आलेले हिवाळी पाहुणे अजून गेलेले नसतात आणि स्थानिक पक्ष्यांचे गाणे सुरू झालेले असते.

जागा निवडताना माझी एकच कसोटी असते: मुक्कामाहून पायी निघून अर्ध्या तासात चांगल्या जंगलात पोहोचता येते का? उत्तर ‘होय’ असेल तर ती जागा आपल्यासारख्यांची. सिंहराजाला कुडवा किंवा देनियायाच्या बाजूने प्रवेश असतो आणि वाटाड्या सोबत घेणे बंधनकारक आहे, त्यामुळे तिथे रोज आत जाणे महाग पडते. दोन सकाळी आत जाव्यात आणि बाकीच्या वेळी प्रवेशद्वाराबाहेरच्या चहाच्या मळ्यांच्या कडेने, घरांमागच्या झाडीत हिंडावे. लंकेचा निळा मॅगपाय तिथेही येतो. थायलंडचे खाओ याई हे त्या देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान, १९६२ मध्ये घोषित झालेले. बँकॉकहून रेल्वेने पाक चोंगला उतरता येते, आणि उद्यानाच्या आतच तंबू भाड्याने मिळत असल्यामुळे पहाटे डोळे उघडतात तेच धनेशांच्या आवाजाने. मलेशियात तामान नेगारा या राष्ट्रीय उद्यानाला कुआला ताहान हे गाव नदीच्या एका तीरावर आणि जंगल दुसऱ्या तीरावर आहे; होडीने पलीकडे गेले की पायवाटा सुरू होतात. फ्रेझर्स हिल या डोंगरावरच्या थंड हवेच्या ठिकाणी सार्वजनिक वाहनाने पोहोचणे कटकटीचे आहे, पण एकदा पोहोचलात की डांबरी रस्त्यांवरूनच पक्षी दिसतात आणि वाहन लागतच नाही.

पेचबुरी या गावाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण भटक्यांच्या नेहमीच्या वाटेवर ते येत नाही. बँकॉकहून रेल्वेने काही तासांत पोहोचता येते. गावाच्या एका बाजूला समुद्राकाठी पाक थले येथील मिठागरे आहेत आणि दुसऱ्या बाजूला काएंग क्रचानचे मोठे जंगल, ज्याला २०२१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मिठागरांवर हिवाळ्यात चमच्याच्या चोचीचा तुतवार येतो. या जातीचे काहीशेच पक्षी जगात उरले आहेत. रशियाच्या अतिपूर्वेला घरटे करणारा, चिमणीएवढा हा पक्षी इतर तुतवारांच्या घोळक्यात शोधायचा असतो, आणि त्यासाठी भरतीची वेळ माहीत असावी लागते. ओहोटीला सगळे पक्षी दूर चिखलावर पांगलेले असतात. भरतीचे पाणी चढले की ते मिठागरांच्या बांधांवर गोळा होतात. भरतीचे वेळापत्रक फोनवर फुकट मिळते. हतनूरला ज्याने तुतवार आणि चिखल्यांच्या थव्यात एकेक पक्षी तपासला आहे, त्याला हे काम नवे वाटणार नाही. फक्त मार्च सरण्याआधी जा, नंतर ते उत्तरेला निघून जातात.

आता आपल्या जंगलात आणि तिकडच्या वर्षावनात जो फरक आहे त्याबद्दल, कारण निराशा होते ती इथेच. सातपुड्यात फेब्रुवारीनंतर साग उघडा पडतो आणि पक्षी डोळ्यांनीच सापडतो. कानांना फारसे काम राहत नाही. वर्षावनात झाडे चाळीस-पन्नास मीटर उंच, खाली अंधार, आणि तासभर चालूनही एक पक्षी दिसत नाही. नवखा माणूस तिसऱ्या दिवशी म्हणतो की इथे पक्षीच नाहीत. पक्षी असतात, पण अनेक जाती मिळून थव्याने फिरतात. ऐकू येते ते आधी कोतवालाचे. तो आला की समजावे, मागे लवाजमा आहे: मधल्या फांद्यांवर सातभाईच्या कुळातले दंगा करणारे पक्षी, खोडांवर सुतार, शेंड्याला निखार, पानांच्या टोकांशी सुभग आणि फुलटोचे. पाच-सात मिनिटे कुठे पाहावे ते कळत नाही, आणि मग पुन्हा शुकशुकाट. अशा वेळी थव्यामागे पळू नये. थव्याची दिशा हेरून वाट सोडून न जाता थोडे पुढे जाऊन उभे राहावे, आणि सगळे पाहण्याच्या नादाला न लागता एका थरावर, उदाहरणार्थ मधल्या फांद्यांवर, दुर्बीण ठेवावी. दुसरा थवा येईल तेव्हा दुसरा थर.

याशिवाय दोन ठिकाणी हमखास पक्षी मिळतात. पहिले, फळांनी लगडलेले वड-उंबराच्या जातीचे झाड. तांबट, हरियल, धनेश, बुलबुल सगळे तिथे येतात. असे झाड सापडले की उरलेल्या वाटेचा मोह सोडून दोन तास तिथेच बसावे. दुसरे ठिकाण पुस्तकी माणसाला सुचत नाही: डोंगरावरच्या विश्रामगृहाचा रात्रभर जळणारा दिवा. फ्रेझर्स हिलसारख्या उंच, धुक्याच्या जागी रात्री दिव्याखालच्या भिंतीवर शेकडो पतंग येऊन चिकटतात. उजाडायला लागले की पक्षी ओळीने हजर होतात. लांब शेपटीचा सिबिया भिंतीवरून तळहाताएवढा पतंग उचलतो, लोखंडी कठड्यावर आणून एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने आपटतो, पंख गळून खाली पडले की उरलेले धड गिळतो आणि चोच कठड्याला पुसून पुन्हा भिंतीकडे वळतो. हे सगळे चार-पाच हातांवरून, दुर्बिणीशिवाय पाहायला मिळते, आणि त्यासाठी तिकीट नाही. खाली पडलेल्या पंखांचा ढीग पाहिला की दिवा कोणता हे दिवसाही ओळखता येते.

दिवसाची आखणी यातून आपोआप ठरते. विषुववृत्ताजवळ वर्षभर दिवस जवळपास बारा तासांचा असतो आणि संधिप्रकाश झटकन संपतो. उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंतची वेळ सोन्याची, दुपारी साडेतीननंतरची चांदीची, मधली झोपेची, कपडे धुण्याची आणि प्रवासाची. गाव बदलायचे असेल तर सकाळ जंगलात काढून अकराच्या सुमारास बस पकडावी. पहाटे तुमच्यासाठी कोणी न्याहारी करून ठेवत नाही, म्हणून भाजलेले शेंगदाणे आणि गूळ सोबत न्यावा, आणि केळी तिकडेच घ्यावीत. आपल्यासारख्या, केळीच्या बागांच्या मुलखातल्या माणसाने ती नावे ठेवतच खायची असतात.

वाटाड्याबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. पैसे नाहीत म्हणून वाटाड्या अजिबात न घेणे हा खोटा काटकसरीपणा आहे, आणि रोज घेणे परवडणारे नाही. प्रत्येक नव्या प्रकारच्या जंगलात पहिली सकाळ स्थानिक वाटाड्यासोबत घालवावी, फळलेली झाडे, पाणवठे, घुबडांच्या ढोल्या कुठे आहेत ते पाहून घ्यावे, आवाज ओळखून घ्यावेत, आणि पुढचे चार-पाच दिवस त्याच वाटा एकट्याने तुडवाव्यात. काएंग क्रचानच्या आसपास गावकऱ्यांनी पाणवठ्यांवर बसण्याच्या जागा केल्या आहेत. थोडे शुल्क देऊन तिथे अर्धा दिवस बसता येते आणि रानकोंबडे, तित्तिरांच्या जाती समोर येतात. तो पैसा वाया जात नाही, शिवाय गावालाही मिळतो. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढण्याचा मोह मात्र टाळावा. विणीच्या दिवसांत असा पक्षी घरटे सोडून आपल्या खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडत बसतो, आणि जिथे रोज नवे पाहुणे येतात तिथे त्याला रोज हेच करावे लागते.

कुठे काय दिसते याची माहिती ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरपूर आहे. ती पाहताना प्रजातींचा एकूण आकडा पाहू नका. ज्या महिन्यात तुम्ही जाणार त्या महिन्याच्या, शक्यतो पायी चालणाऱ्या माणसांनी केलेल्या याद्या वाचा. ठिकाणाची नोंद खरी असण्याला किती किंमत असते हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. आपल्या रानपिंगळ्याची, म्हणजे सातपुड्यातल्या त्या छोट्या घुबडाची, १८८४ नंतर खात्रीची नोंद नव्हती. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज पक्षीसंग्राहकाने संग्रहालयातून लांबवलेला जुना नमुना १९१४ चा आणि गुजरातचा म्हणून खपवला होता, आणि त्यावर विसंबलेले शोध भलत्याच जागी झाले. तो खोटेपणा बाजूला काढून जुन्या खऱ्या नोंदींकडे परतल्यावरच नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्या जंगलात, भर दिवसा, उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा दिसला. मर्लिन हे ॲप निघण्यापूर्वी प्रत्येक देशाच्या संचासह फोनमध्ये उतरवून घ्या, म्हणजे जंगलात नेटवर्कची गरज पडणार नाही. आवाज ओळखायला ते मदत करते, पण वर्षावनात एकाच वेळी दहा आवाज आणि वर किड्यांची किरकिर असते, त्यामुळे त्याने सुचवलेले नाव पक्षी दिसल्याशिवाय यादीत लिहू नये.

सामानाबाबत मी थोडा कठोर आहे. १५०-६०० ची लेन्स सुमारे दोन किलोची. कॅमेरा, बॅटऱ्या आणि पिशवी धरून तीन-साडेतीन किलो होतात. चार महिने ते ओझे पाठीवर आणि त्याची काळजी डोक्यावर राहते, शिवाय जंगलातल्या अंधारात त्या लेन्सला प्रकाश पुरत नाही. छायाचित्रण हाच हेतू असेल तर न्या. पक्षी पाहणे हा हेतू असेल तर लांब झूमचा लहान कॅमेरा पुरे. दुर्बिणीवर मात्र हात आखडू नका. ८x४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे असलेली, आतून नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण घ्या. ४२ ला ८ ने भागले की ५.२५ येते, म्हणजे डोळ्यात शिरणारा प्रकाशझोत तेवढ्या मिलिमीटरचा. १०x४२ मध्ये तो ४.२ होतो, आणि झाडीच्या अंधारात हा फरक जाणवतो. हतनूरच्या मोकळ्या पाण्यावर दहापटीची दुर्बीण चांगली, वर्षावनात आठपटीची. आपल्या कोरड्या हवेत भिंगांना बुरशी सहसा लागत नाही, तिकडे काही आठवड्यांत लागू शकते. म्हणून घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून दुर्बीण रात्री त्यात झोपवावी.

जळवांसाठी विकतचे मोजे घेण्यापेक्षा गावातल्या शिंप्याकडून मांजरपाटाचे, गुडघ्यापर्यंत येणारे, वर नाडी असलेले मोजे शिवून घ्या. कापडाची वीण घट्ट असली म्हणजे झाले. जळू चावली तर घाबरण्यासारखे काही नसते, रक्त मात्र बराच वेळ वाहते, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. खरी भीती डासांची. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे मच्छरदाणी पुरत नाही. पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे आणि उघड्या कातडीला लावायचे मलम दोन्ही हवेत. हिवतापाच्या गोळ्या आणि रेबीजची लस याबद्दल निघण्यापूर्वी महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा.

दक्षिण अमेरिका सोडून द्या असे मी म्हणेन, निदान या खेपेला. तीन लाखांतला मोठा वाटा जाण्यायेण्यातच संपेल. शिवाय तिकडच्या अनेक देशांसाठी पीतज्वराची लस आणि तिचे पिवळे प्रमाणपत्र लागते, आणि तशा देशातून भारतात परतताना ते जवळ नसेल तर विलगीकरणात बसवतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आशियातली कुळे तुमच्या ओळखीची आहेत. तांबट, धनेश, कोतवाल, शिंजीर, बुलबुल हे तुम्ही सातपुड्यातल्या पालच्या जंगलात पाहिलेले आहेत. तिकडे फक्त त्यांची भावंडे ओळखायची. अमेरिकेत पानोपानी नवे कुळ निघते.

निघेपर्यंत जे महिने हाती आहेत ते कानांसाठी वापरा. श्रावण-भाद्रपदात पाटणादेवीच्या घाटात किंवा पालला जा, जेव्हा झाडी दाट असते. एका जागी अर्धा तास डोळे मिटून बसा आणि ऐकू आलेला प्रत्येक आवाज, नाव येवो न येवो, दिशेसह वहीत मांडा. नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ ऐकली की तिच्यामागे न धावता जमिनीवरचा पाचोळा न्याहाळत थांबण्याची सवय लावा. मलेशियातले त्याचे भाऊबंद तसेच, पण याहून लाजाळू आहेत, आणि ते दिसतात ते थांबणाऱ्यालाच.

राहता राहिला तुमचा मित्र. त्याला पहाटे साडेचारला उठवून जंगलात नेऊ नका. आठवड्याभरात दोघांचे बिनसेल. सकाळी तुम्ही जंगलात आणि तो झोपेत किंवा गावात, दुपारपासून दोघे एकत्र, आणि आठवड्यातले दोन दिवस त्याच्या आवडीची जागा, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्या. त्याला दुचाकी चालवता येत असेल तर आरटीओतून दोघांचेही आंतरराष्ट्रीय वाहन परवाने काढा. पेचबुरीसारख्या ठिकाणी भाड्याची स्कूटर हे सर्वांत स्वस्त वाहन आहे, आणि हा परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. सबाहला गेलात तर सेपिलोकच्या झाडांवरच्या पुलावर त्यालाही न्या. तिथे शेंड्यांच्या उंचीवरून पाहता येत असल्यामुळे मान वर करून दुखवावी लागत नाही, आणि पक्षी न पाहणाऱ्या माणसालाही तिथे धनेश दिसतात.